सहाणेवर उगाळलेली गोळी

शारजात रोल्ला नावाच्या भागाजवळ आम्ही राहायचो. आमच्या बिल्डिंगमधलं इंग्रज कुटुंब मायदेशी परत निघालं आणि आपला फेरेट आमच्या गळ्यात मारून गेलं. मुंगसाच्या जातीचं वाटणारं, लांबुळकं जनावर. लेक हट्टाला पेटली, मी हरले. पुढे त्याला एक सोडून दोन दुखणी निघाली. हृदय कमजोर, म्हणून छातीत पाणी साठायचं. पोटात गाठ, तिच्यामुळे रक्तातली साखर धाडकन उतरायची. साखर टिकवायच्या गोळीने अंगात पाणी आणखी धरायचं. एकाचं औषध दुसऱ्याच्या मुळावर! "माणसांचं करताना नाकी नऊ येतात, त्यात हे," मी करवादले.

सासूबाई व्हिजिट व्हिसावर आलेल्या. त्यांनी मात्र पदर खोचला. गोळ्या माणसांच्या, जीव किलोभराचा. कापायला गेलं की नुसता चुरा. "त्यात काय, बाळगुटी नाही का उगाळत?" म्हणत त्यांनी सहाण घेतली, हृदयाच्या गोळीचे मोजके वेढे दिले आणि मधात कालवून बोटाने चाटवलं. तो मिटक्या मारायचा. आम्हाला कोण कौतुक!

थोड्याच दिवसांत औषधानंतर त्याचे मागचे पाय लुळे पडू लागले, तोंडातून लाळ गळायला लागली. गोळी जास्त होतेय असं वाटून आम्ही वेढे कमी केले, तर छाती भरली. मान ताणून तो श्वास ओढत होता. "आई, डू समथिंग!" लेक किंचाळली. तशीच टॅक्सी केली आणि दुबईतला जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टर लाहोरकडचे. सगळं ऐकून म्हणाले, "अम्माजी, शहद खलास." गोडाने साखर चढते, मग ती गाठ चेकाळून तिला पार खाली ओढते. पाय त्यानेच जात होते, गोळीने नाही. शिवाय सहाणेवर मात्रा रोज सारखी उतरत नाही. त्यांनी पातळ औषध बनवून तोंडात सोडायला सिरिंज दिली. सासूबाई वाटेत डोळे पुसत राहिल्या.

सिरिंजने तो सावरला, पण औषध कडू जहर. सासूबाईंची चाहूल लागली की वॉशिंग मशीनमागे दडायचा. "मला बघून पळतो गं," त्या म्हणायच्या. मला फार वाईट वाटायचं. तरी एक वेळ चुकवली नाही त्यांनी.

पुढे दोन्ही दुखणी एकदम उसळली. डॉक्टर म्हणाले, एक सांभाळावं तर दुसरं जीव घेईल. इंजेक्शन देऊन शांतपणे कायमचं झोपवायचं का, ते तुम्ही ठरवा. लेक आजीकडे बघत राहिली. "आजी, इज ही टायर्ड?"

"हो गं बाळा. दमलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी सिरिंज भरलीच नाही. मशीनसमोर फरशीवर बसल्या आणि दोन्ही तळहात उघडे करून पुढे धरले. "बघ, काही नाही हातात. ये रे."

बराच वेळ तो नुसता बघत होता. मग मागचे पाय फरफटत बाहेर आला, त्यांच्या मांडीवर चढला आणि तिथेच मुटकुळं करून पडला.

"डॉक्टरांना फोन कर, आणतोय म्हणावं," त्या मला म्हणाल्या. "पण आता याला माझ्या मांडीवरून कुणी उचलायचं नाही."