वाढत्या अंगाचं माप

येलदरीला नोकरी लागली तेव्हा लिंबाजीला आभाळ ठेंगणं झालं. पंचफुलाला मात्र दिवस खायला उठला. धरणाखालच्या वीजकेंद्रात खलाशाचं, म्हणजे मदतनिसाचं काम, कॉलनीत दोन खोल्या, नळाला पाणी. चुडाव्याच्या एका खोलीत सासरा, दीर, जाऊ अशा गर्दीत राहिलेल्या बाईला आणखी काय हवं? पण लिंबाजी ड्युटीवर गेला की घरात आवाज म्हणून उरायचा नाही. लग्नाला इतकी वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. घरातले देव तर छप्पन साली बौद्ध धम्म घेताना सासऱ्यानं पूर्णा नदीत सोडून दिले होते. नवस बोलायचा तरी कुणाला?

त्या रिकामपणात तिला लोकर सापडली. धरणाच्या कडेनं धनगरांचे कळप चरायला यायचे. मेंढ्या बाभळींना घासून गेल्या की काट्यांवर लोकरीचे पुंजके राहायचे. सरपणाला गेलेली पंचफुला ते पुंजके वेचून पदरात घालायची. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. कळपामागं दगडाबाई नावाची म्हातारी धनगरीण असायची. ती चालता चालता टकळीवर लोकर कातायची. तिनं एकदा पंचफुलाला हटकलं.

“काय करतीस गं एवढ्याशा लोकरीचं?”

“काय न्हाई. हाताला बरी लागती.”

म्हातारी हसली. आपल्या गाठोड्यातली मूठभर लोकर तिनं काढली, पंचफुलाला शेजारी बसवलं आणि टकळीला मांडीवर घासून गरकन सोडून दाखवली.

पहिले काही दिवस पंचफुलाचा धागा कुठं बोटाएवढा जाड, कुठं केसासारखा बारीक व्हायचा आणि तुटायचा. लिंबाजी म्हणायचा, “सुतळीच काढायलीस का?” ती पुन्हा टकळी फिरवायची. मग एका दुपारी धागा तुटेनासा झाला. टकळी जमिनीकडं फिरत निघाली, बोटांमधून लोकर आपणहून सुटत गेली, आणि पंचफुलाला चुलीवरच्या वरणाची आठवणच राहिली नाही. वरण करपलं. लिंबाजीनं ते मुकाट्यानं खाल्लं. बायकोच्या तोंडावर असं समाधान त्यानं फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

विणायला शिकवलं पार्वतीबाईंनी. पलीकडच्या ओळीत राहणाऱ्या दिनकरराव कारकुनांची ही बायको. सुया नव्हत्या, तर लिंबाजीनं सायकलच्या तारा वर्कशॉपमध्ये घासून टोकं गुळगुळीत करून आणल्या. पंचफुलानं पहिला मफलर विणला तो नवऱ्यासाठी. घरी कातलेली लोकर ती, जाडीभरडी, गळ्याला टोचायची. तरी तो थंडीभर मफलर गुंडाळून ड्युटीवर जायचा आणि गळा खाजवत घरी यायचा.

पोटासाठी यातलं काही नव्हतं. विकायचंही कधी तिच्या मनात आलं नाही. सकाळी उठल्यावर आज काहीतरी करायचं आहे, एवढं तिला पुरत होतं. फाल्गुनात पळसाची फुलं वेचून ती उकळायची आणि पांढरी लोकर त्यात बुडवायची. पिवळा उतरायचा, कधी नारिंगीकडं झुकायचा. बाभळीच्या सालीनं तपकिरी यायचा. दाराच्या दोरीवर ते ओले धागे वाळत पडले की जाणाऱ्या-येणाऱ्या बाया थांबून बघायच्या.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. चुडाव्याकडं प्यायला पाणी राहिलं नाही. लिंबाजीचा थोरला भाऊ सटवाजी आणि त्याची बायको सरजाबाई खडी फोडायच्या सरकारी कामावर जाऊ लागले. दीड वर्षाची सत्यशीला दिवसभर खडीच्या ढिगाशेजारी फडक्याच्या सावलीत पडून असायची. तिला हगवण लागली. लिंबाजी आणि पंचफुला भेटायला गेले तेव्हा पोरीच्या हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. सरजाबाईनं तिला उचललं आणि जावेच्या मांडीवर ठेवलं.

“घिऊन जाय बाई. इथं मरंल ती. पाऊसपाणी झालं की मी न्यायला येते.”

पाऊसपाणी झालं. सरजाबाई आली नाही. तिला पुन्हा दिवस गेले होते, मग बाळंतपण, मग मुलगा. एक वर्ष गेलं, दोन गेली. सत्यशीला अंगानं भरली, चालू लागली, बोलू लागली आणि पंचफुलाला माय म्हणू लागली. तिला कुणी तसं शिकवलं नव्हतं.

आता विणायला अंग मिळालं. टोचू नये म्हणून पंचफुला स्वेटरला आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावायची. शिंपी सांगतात तसं ती स्वतःलाच सांगायची, वाढत्या अंगाचं करावं. दोन बोटं सैल, बाही जरा लांब. तरी पुढच्या थंडीला तो आखूड व्हायचा. मग दोघी मिळून तो उसवायच्या. सत्यशीला दोन्ही हात पुढं करून बसायची, पंचफुला तिच्या हातांभोवती धागा गुंडाळायची. पोरगी मधेच हात हलवायची, गुंता व्हायचा, दोघी हसायच्या. जुन्या धाग्यात नवा रंग घालून पुन्हा टाके पडायचे. गळ्याकडं पळसाचा पिवळा पट्टा मात्र दर वेळी असायचा. तो पोरीचा हट्ट. पुढं ती कॉलनीतल्या शाळेत जाऊ लागली. संध्याकाळी पाटीवरची अक्षरं ती पंचफुलाला वाचून दाखवायची. पंचफुलाला वाचता येत नव्हतं. ती टकळी फिरवत ऐकायची.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात सटवाजी आला. चहा झाला, पावसाच्या गोष्टी झाल्या. मग तो खाली बघत म्हणाला,

“लिंबा, सरजा लय झुरायलीय पोरीसाठी. रोज एकच बोलणं. आता आमचं बरं चाललंय. न्यावी म्हणतो.”

लिंबाजीनं बायकोकडं पाहिलं. पंचफुला उंबऱ्यात बसली होती. तिला खूप काही म्हणायचं होतं. रात्र रात्र मांडीवर घेऊन कोण बसलं, ते म्हणायचं होतं. पण सरजाबाईनं पोर देऊन टाकली नव्हती, जगवायला दिली होती. जगवून झाली होती.

“तुमचीच हाय, भावजी,” ती म्हणाली. “न्या.”

सत्यशीलाला वाटलं, चार दिवस गावाला जायचंय. ती उड्या मारत तयार झाली. पंचफुलानं एक धागा घेतला आणि तिची छाती, पाठ, बाही मापून प्रत्येक मापाला गाठ मारली.

“आता कशाला माप, माय? उन्हाळा हाय.”

“थंडी यायलीच की,” पंचफुला म्हणाली.

एसटी गेल्यावर तिनं घर झाडलं, पाणी भरलं, भाकरी केल्या. संध्याकाळी लिंबाजीला ती कडुलिंबाखाली दिसली. टकळी मांडीवर पडलेली होती आणि ती नुसतीच बसली होती. तो शेजारी टेकला. दिवे लागल्यावर दोघं उठून घरात गेले.

थंडीच्या सुमाराला तिनं स्वेटर घातला सुईवर. पण माप उन्हाळ्यातलं. त्या वयाचं पोर सहा महिन्यांत किती वाढतं? पार्वतीबाईंची मुलगी साधारण तेवढीच. पंचफुलानं तिला उभं करून पाहिलं आणि घाबरून चार टाके वाढवले. पुन्हा वाटलं, तिथं खायला-प्यायला कसं असेल? दोन टाके कमी केले. चुडाव्याकडचं कुणी भेटलं की ती विचारायची, “आमची सत्यशीला केवढी झालीय?” गडीमाणसं हवेत हात धरून दाखवायची, कुणाचा हात कमरेला, कुणाचा छातीला. स्वेटर पूर्ण झाला तेव्हा लिंबाजीनं तो एका ओळखीच्या माणसाबरोबर धाडून दिला. ‘पोचला’ एवढाच निरोप आला.

पुढच्या वर्षी ऐन थंडीत सरजाबाईच्या धाकट्या मुलाचं बारसं होतं. पंचफुला आणि लिंबाजी परभणीहून रेल्वेनं चुडाव्याला उतरले. घराच्या दारात एक सडपातळ, रापलेली पोरगी पाठच्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. अंगावर नुसता फ्रॉक, वर आईच्या लुगड्याचा तुकडा गुंडाळलेला. पंचफुलाला तिला ओळखायला एक क्षण लागला, आणि त्या क्षणाची तिला पुढं कायम लाज वाटली.

“काकू आली,” सत्यशीला आत तोंड करून म्हणाली.

कडेवरच्या पोराच्या अंगात बिनबाह्यांची लोकरीची बंडी होती, डोक्याला टोपी. टोपीला पळसाचा पिवळा पट्टा होता. पंचफुलानं आपला धागा ओळखला. ती टोपीकडं बघत राहिली. ते सरजाबाईच्या ध्यानात आलं.

“तिला बसलाच न्हाई वो तो स्वेटर. काखंत अडकायला लागला. लोकर वाया कशाला घालावी? पण म्या हात न्हाई लावला. तिनंच उसवला, तिनंच इणला.”

“कशानं?”

“तुराट्या घासून सुया केल्या पोरीनं.”

पंचफुलानं टोपी हातात घेतली. तुरीच्या काड्यांवरची ती वीण कुठं आवळलेली, कुठं ढिली होती. एक टाका सुटून खाली तीन ओळींपर्यंत उसवत गेला होता. तिनं सत्यशीलाला जवळ बसवलं, काडीनं तो टाका एकेक ओळ वर कसा चढवून घ्यायचा ते दाखवलं. पोरगी मान खाली घालून बघत होती. तिचा श्वास पंचफुलाच्या हातावर येत होता. एवढ्यात आतून हाक आली, पाळण्यातलं पोर रडत होतं. सत्यशीला उठून गेली.

“शाळेत कितवीला हाय?” पंचफुलानं विचारलं.

सरजाबाई भांडी आवरत होती. “शाळा कुठली. ह्या दोघांना कोण बघंल? मी रानात जाते.”

“बाई, तिला अक्षर लय चांगलं होतं. शाळेत घाला तिला.”

“मला का वाटत न्हाई?” सरजाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. “पाच वर्षं माझ्या पोरीनं दुसऱ्याला माय म्हणलं. आता आली तर कामाला आली. मला दिसत न्हाई असं समजू नका.”

जाताना लिंबाजीनं भावाजवळ विषय काढला. शाळेपुरती पोरगी येलदरीला राहू दे, खर्च आम्ही करू, म्हणाला. सटवाजी एकदम उसळला.

“पोर नसली तुमाला, म्हणून आमची न्यायची का?”

लिंबाजीनं ते शब्द बायकोला सांगितले नाहीत. पण ती दाराबाहेरच उभी होती.

त्यानंतर जाणं-येणं थांबलं. पंचफुलानं सूत काढायचं सोडलं नाही. ते सोडलं असतं तर दुपार गेलीच नसती. विणणं मात्र हळूहळू सुटलं. सुईवर टाके घातले की पहिल्याच ओळीला प्रश्न यायचा, कुणाच्या अंगाचं? लिंबाजी म्हणाला, “मला कर. टोचलं तरी चालतंय.” तिनं घातले टाके, आणि ते तसेच राहिले. धाग्याचे गुंडे फळीवर साठत गेले, काळे, पांढरे, तपकिरी. पळसाची फुलं आणायला ती गेली नाही.

एकोणऐंशीच्या थंडीत पार्वतीबाईंच्या यजमानांची बदली झाली. सामान बांधताना त्यांनी आपल्या पोलादी सुयांचा जोड पंचफुलाला दिला. तिनं नवऱ्याला न विचारता परभणीची एसटी धरली, तिथून रेल्वे. चुडाव्याला सटवाजी रानात होता. सरजाबाईनं तिला दारात पाहिलं, चटई टाकली आणि चुलीवर चहा ठेवला.

पंचफुलानं सुया आणि चार गुंडे सत्यशीलापुढं ठेवले. पोरगी ते हातात घेऊन किती तरी वेळ बघत राहिली. सुयांची टोकं तिनं बोटावर टेकवून पाहिली.

“ह्या माझ्या?”

“तुझ्याच.”

“काकू, बाळाला पायमोजे कसे करायचे? टाचंला वळवता येत न्हाई मला.”

दुपारभर दोघी टाच वळवत बसल्या. सरजाबाईनं त्या दिवशी पोरीला एकदाही हाक मारली नाही. रडणारं पोर तिनं स्वतःच उचललं. उन्हं कलली तशी पंचफुला उठली. गाडीची वेळ झाली होती. सत्यशीला स्टेशनपर्यंत यायला निघाली, पण धाकटा तिच्या मागं लागला, म्हणून ती वेशीवरूनच परतली.

सत्यशीला पुन्हा शाळेत गेली नाही.