चांगल्या हाताचा फोटो

इथं लोक पिंपळावरच्या, विहिरीतल्या, रिकाम्या रस्त्यावर लिफ्ट मागणाऱ्या बायांच्या गोष्टी लिहितात. मी त्या वाचतो, हसतो आणि खाली एखादी खवचट कमेंट टाकतो — जुन्या मेंबरांना माझा अनुभव आहेच. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर काहींना बरं वाटेल. वाटू द्या. माझा या प्रकारांवर कधीच विश्वास नव्हता. माझं निम्मं आयुष्य कॉम्प्युटर उघडून बसण्यात गेलं. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं... रॅम हललेली असते, पंख्यात धूळ असते, नाहीतर समोर बसलेल्या शहाण्यानं काहीतरी दाबलेलं असतं. हे जे सांगतोय ते माझ्या स्वतःच्या मशीनवर, दिवसाढवळ्या घडलं आणि त्याला यातलं एकही कारण लागू पडत नाही.

मी पांढरकवड्याला राहतो. हायवे जवळ, त्यामुळे ट्रकचे हॉर्न चोवीस तास. एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी करतो. घरी मागच्या खोलीत माझं टेबल आहे. गेम खेळायचे आणि पेन टॅबलेटवर चित्रं काढायची, हे माझे दोन छंद. पेन टॅबलेट म्हणजे एक सपाट पाटी. तिच्यावर पेन फिरवला की रेघ स्क्रीनवर उमटते. बायको शुभांगी या खोलीला "तुमचं देवघर" म्हणते, आणि कौतुकानं म्हणत नाही.

हे दोन्ही नाद मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला, वर्षाला, बरोबरच लागले. वर्षा डावखुरी. घरात एकच कॉम्प्युटर, एकच कीबोर्ड. गाड्यांच्या शर्यतीचा गेम असायचा, दोघं शेजारी बसायचो... तिचा डावा हात डावीकडच्या बटणांवर, माझा उजवा उजवीकडच्या बाणांवर. कोपराला कोपर लागायचं नाही. दोन उजवे असतो तर रोज मारामारी झाली असती. तिच्या डावेपणाची आमच्या घरी सोयच होती, त्यामुळे त्यावरून तिला कोणी बोललं नाही. चित्रांत ती माझ्या फार पुढे होती. तिचं लग्न झालं तेव्हा मी नवा टॅबलेट घेतला आणि जुना तिला दिला, जुन्या लॅपटॉपसकट.

सासर फुलसावंगीचं. शेतीवाडी बरी, माणसं सज्जन, अशी चौकशी करूनच दिली होती. आणि खरंच सज्जन आहेत हो. कोणी कधी हात उगारला नाही. फक्त सांगत राहायचे. चांगल्या हातानं वाढ. पाहुण्याले पाणी चांगल्या हातानं दे. उजव्याला चांगला हात म्हणायची आपल्याकडे पद्धतच आहे. वर्षा फोनवर हसून सांगायची, "दादा, चित्र काढाले बसली का सासूबाई पाठीमागं येऊन उभ्या राहतात." पुढं पुढं हसणं कमी झालं. मग चित्रंही यायची बंद झाली.

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता तिला ताप आला. तो अंगावर काढला, मग गावातलं इंजेक्शन, मग यवतमाळ. यवतमाळला पोचेपर्यंत उशीर झाला होता. याच्यावर मी जास्त लिहीत नाही, कारण लिहायला लागलो की शिव्याच येतात. तिचा टॅबलेट परत आला तो पिशवीत, साड्यांच्या घडीखाली. "आमच्या इथं कोनाले लागत नाही," असा निरोप होता. तिची लेक स्वरा मात्र त्यांना लागत होती. ती तिथंच राहिली.

यंदा वर्षश्राद्धाच्या आधी तिच्या सासूबाईंचा फोन आला. संतोषचं, म्हणजे आमच्या जवाईबापूंचं, दुसरं लग्न ठरलं होतं. माझी तक्रार नव्हती. घरात लहान पोर आहे. पण नवी सून यायच्या आत पहिलीचा फोटो देवाजवळ लागला पाहिजे, तिचा मान राखला पाहिजे, म्हणजे ती मागं लागत नाही... असा त्यांचा हिशोब. आणि फोटो करणार कोण? तर मी. घरचाच आर्टिस्ट.

"स्वराच्या वाढदिवसाचा तुमच्या मोबाईलमधला फोटो चांगला हाये," मावशी म्हणाल्या. मी त्यांना मावशी म्हणतो. "पोरीले ओवाळून राह्यली ना, तो. पण त्यात तिनं ताट डाव्या हातात धरलं हाये. तेवढं चांगल्या हातात करून द्या."

"मावशी, ती डावखुरीच होती."

"होती ना, भाऊ. पण आता देवाजवळ बसन ते. आल्यागेल्यानं पाह्यलं तर काय म्हनन?"

मागून संतोषचा आवाज आला, "दादा, सरळ उलटा करून टाका ना फोटो. आरशासारखा. मोबाईलमधेच होते ते."

मी करून पाहिला. ताट उजव्या हातात गेलं खरं, पण पदरही दुसऱ्या खांद्यावर गेला आणि नाकातली चमकी दुसऱ्या नाकपुडीत. तो तसा फोटो मी संतोषला मुद्दाम पाठवला. "एकदम मस्त दादा," असं उत्तर आलं. बायकोचा पदर कोणत्या खांद्यावर असायचा तेही या माणसाला ठाऊक नव्हतं. मग ठरवलं, आपणच नीट करू — नुसता हात बदलायचा, बाकी वर्षा वर्षासारखी राहू द्यायची.

आता मशीनबद्दल नीट सांगतो, कारण पहिल्या कमेंटमध्ये तेच विचाराल. त्याच आठवड्यात मी अपग्रेड केलं होतं. मदरबोर्ड नवा, ग्राफिक्स कार्ड नवं, एसएसडी कोरी करकरीत. जुनी डिस्क काढून कपाटात ठेवलेली. विंडोज नव्यानं टाकलं, ड्रायव्हर, म्हणजे टॅबलेटसारख्या वस्तू चालवणारे प्रोग्रॅम, तेही नव्यानं टाकले. जुन्यातलं काहीही उचललं नाही. माझ्या टॅबलेटचं पोर्ट सैल झालं होतं, म्हणून वर्षाचा काढून लावला.

पेन वर नेला... बाण खाली गेला. डावीकडे नेला, बाण उजवीकडे. या टॅबलेटमध्ये डावखुऱ्यांसाठी एक सेटिंग असते. ती चालू केली की पाटी फिरवून ठेवायची, म्हणजे बटणं उजव्या बाजूला येतात. ती सेटिंग चालू होती. नव्या ड्रायव्हरमध्ये ती बंद असते, आपण चालू करावी लागते. आणि सेटिंग राहते कॉम्प्युटरमध्ये, टॅबलेटच्या पोटात काही साठत नाही. मी ती बंद केली. दुसऱ्या दिवशी कॉलेजमधून आलो, पुन्हा उलटं. पुन्हा बंद केली, पुन्हा तेच. टॅबलेट कॉलेजच्या लॅबमध्ये नेऊन लावला, तिथं सुतासारखा सरळ चालला. घरी आणला की उलटा.

मी चिडलो, घाबरलो नव्हतो. पेन उलटा तर उलटा, माऊसनं काम करू म्हणालो. रविवारी दुपारी हात बदलला. डावा हात पदराखाली घेतला, उजव्यात ताट दिलं, सेव्ह केलं आणि जेवायला गेलो. परत आलो तर ताट डाव्या हातात.

सेव्ह व्हायचं राहिलं असेल, असंच कोणीही म्हणेल. मीही म्हणालो. पुन्हा केलं, वेगळ्या नावानं ठेवलं, पेन ड्राइव्हवरही एक कॉपी घेतली. इंटरनेट काढलं. टॅबलेट कपाटात ठेवला, मशीनचा स्विच बंद केला, खोलीला कडी लावली. घरात शुभांगी आणि मी, दोघंच. तिला विचारलं तर म्हणाली, "मले तुमचा तो पेन धरता तरी येते काय?" तेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी फाईल उघडली. हात पुन्हा डावा. पेन ड्राइव्हवरच्या कॉपीतही डावा. आणि चित्राच्या थरांमध्ये एक नवीन थर आला होता. आम्ही चित्र असे थर करून काढतो, काचेवर काच ठेवल्यासारखे, म्हणजे एक पुसला तरी बाकीचे शाबूत राहतात. हा थर मी केलेला नव्हता. त्यावर पेन्सिलीसारख्या बारीक, तिरक्या रेघांनी छटा भरलेली होती. उजव्या हातानं अशा रेघा मारल्या की त्या खालून वर जाताना उजवीकडे झुकतात. या सगळ्या डावीकडे झुकलेल्या होत्या. असं काम मी लहानपणापासून शेजारी बसून पाहिलं आहे.

त्या रेघांनी फोटोच्या खालच्या कडेला, ताटाखाली, काहीतरी काढलं होतं. आधी मला ते कापसाचं बोंड वाटलं. मोठं करून पाहिलं. ते लहान मुलाचं मनगट होतं आणि पुढचा सगळा पंजा फडक्यात गुंडाळलेला. बोटं आत गेलेली, वर गाठ. मूळ फोटोत तिथं जमिनीशिवाय काही नाही, मी दहा वेळा ताडून पाहिलं.

शुभांगीला बोलावलं. तिनं वाकून पाहिलं. मग म्हणाली, "त्या बाईले हात बदलायचा नाही, तर तुम्ही कायले बदलून राह्यले? आन् हे लेकरू कोनाचं हाये ते जाऊन पाहा आधी."

मी तो वरचा थर बंद केला आणि ताट डाव्याच हातात ठेवून प्रिंट काढली. सकाळीच निघालो, घाटंजी, आर्णी, महागाव करत फुलसावंगीला पोचेपर्यंत दुपार झाली.

पुढचं सांगण्याआधी इथंच लिहून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी विचारायला नको. ती सेटिंग कशी बदलत होती, हात परत कसा येत होता, तो थर कोणी काढला — मला आजही माहीत नाही. डिस्क तपासली, व्हायरस शोधला, फाईलच्या तारखा पाहिल्या. त्यात माझ्याशिवाय कोणाचा मागमूस नाही. मी फुलसावंगीहून परतल्यापासून टॅबलेट मुकाट्यानं सरळ चालतो आहे. कोणाकडे खुलासा असेल तर जरूर लिहा, मी खवचट उत्तर देणार नाही. पण या सदराला अमानवीय असं नाव आहे म्हणून सांगतो... तो शब्द मला त्या फाईलसाठी वापरायचा नाही.

स्वरा शाळेतून येऊन ओसरीवर अभ्यास करत बसली होती. उजव्या हातात पेन्सिल, कपाळावर आठ्या. डावा पंजा फडक्यात गुंडाळलेला, वर गाठ. आधी मी म्हणालो, लागलं असेल.

"काय झालं हो मावशी हिला?"

"काही नाही झालं. सवय लावून राह्यलो. शाळेतून आली का बांधतो, जेवन झालं का सोडतो." त्या अगदी शांतपणे सांगत होत्या. "तिच्या मायले लहानपनी कोनी वळन लावलं नाही. पोरीची जात हाये, उद्या लोकाच्या घरी जाईन. तेव्हा बोलनं कोन खाईन?"

"हात बांधून ठेवता तुम्ही लेकराचा?"

"दुखत नाही तिले. नरम कपडा हाये, वर्षाच्याच साडीचा."

संतोष खुर्चीवर मोबाईल पाहत बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आईनं मलेही असंच वळन लावलं होतं दादा, काही फरक पडत नाही." म्हणजे हाही मुळात डावखुराच. इतकी वर्षं एका घरात दोन डावखुरे होते आणि त्यानं बायकोला ते एकदाही सांगितलं नव्हतं. मला त्याची कीव यायला हवी होती. मला नुसता राग आला.

मी पेपरात गुंडाळून आणलेला फोटो बाहेर काढून दिला. मावशींनी पाहिला, म्हणाल्या, "हे तं तसंच हाये." तसंच राहणार, मी म्हणालो. त्यांनी तो पेपरात परत गुंडाळून कपाटावर ठेवला. स्वराला सुट्टीभर माझ्याकडे पाठवा म्हटलं, तर संतोष म्हणाला, "नवीन मानूस येऊन राह्यलं घरात. तिचा लळा लागू द्या पोरीले. मंग पाहू." मामाचा हक्क तो केवढा...

निघायच्या आधी स्वराजवळ जाऊन ती गाठ सोडली. आतली बोटं घामानं पांढरी पडली होती, कडेला वळ उठले होते. मी ती चोळून दिली. एक कोरा कागद पुढं केला आणि पेन्सिल तिच्या डाव्या हातात ठेवली.

"काढ बेटा, तुला पाहिजे ते काढ. कोणी काही म्हणत नाही."

तिनं पेन्सिलीकडे पाहिलं, मग आजीकडे. पेन्सिल उजव्या हातात घेतली आणि डावा हात फ्रॉकखाली लपवला.

"त्यानं नाही, मामा," ती मला समजावून सांगायला लागली. "तो घान हात हाये. आईचा तसाच होता, म्हनून तं आई मेली."