बक्षीताईंची तलाई

माझ्या धाकट्या भावासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा वडीलधाऱ्या म्हणून आम्ही बक्षीताईंना सोबत नेलं. चूक केली, दुसरं काय! मुलगी पोहे घेऊन बाहेर आली, तर ताई जागेवर नाहीत. त्या परसात जाऊन विहिरीत वाकून बघत होत्या. परत आल्या आणि पदराला हात पुसत सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मुलगी छान आहे हो, पण तुमची विहीर फार उतरलीय." मुलीच्या वडिलांना वाटलं, नकार द्यायची ही काही नवी तऱ्हा असावी. लग्न झालं, पण माझ्या आईनं पुन्हा कधी ताईंना अशा कामाला नेलं नाही.

कुसुम बक्षी आमच्या उज्जैनच्या कॉलेजात बॉटनी शिकवत. मी केमिस्ट्रीची, वयानं पुष्कळ लहान. त्यांचे पूर्वज महाराष्ट्रातून इथल्या दरबारात चाकरीला आलेले. ताई मात्र फ्रीगंजात दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. लग्न का केलं नाही, असं मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "राहून गेलं गं नलू. मग आठवण झाली तेव्हा कंटाळा आला."

दर थंडीत त्या मुलांना भैरवगढच्या पुढे एका तलाईवर न्यायच्या. सोबतीला आणखी एक बाईमाणूस हवं म्हणून मला ओढायच्या. मला चिखलाचं काडीचं प्रेम नाही, पण ताईंना नाही म्हणणार कोण? तलाई म्हणजे उथळ तळंच. कडेला लव्हाळी, मधे सारसांची एक जोडी, आणि पाण्यावर बाबूलालच्या शिंगाड्याच्या वेली. बाबूलाल दोन घागरी बांधून त्यावर तरंगत शिंगाडे तोडायचा आणि लांबूनच ओरडायचा, "आ गईं दीदी? चाय चढ़वाऊँ?" सगळं घर त्याचं त्या शिंगाड्यांवर चालायचं.

ताई काठावर उकिडव्या बसून शिकवायच्या. "लोकांना वाटतं, ही पावसानं भरते. अगं, पाऊस नुसता सुरुवात करतो. जमिनीखालचं पाणी इतकं वर आहे की या खळग्यात ते उघडं पडतं." मग काठची करडी, कुबट माती मुलांच्या नाकाशी धरायच्या. "इथे गहू पेरा, गुदमरून मरेल. मुळांनाही श्वास लागतो रे." चार शेतं पलीकडे न्यायच्या, तिथे हरभरा पाण्यावाचून हिरवागार उभा. "इथे पाणी थोडं खाली. मुळं उतरतात, ओल चढते, मधे कुठेतरी गाठ पडते. शेतकऱ्यानं फक्त आडवं यायचं नाही." मुलं खुसखुसायची. ताईंना पत्ता नसायचा.

मग ती वर्षं आली. फ्रीगंजात रंगीत टीव्हीची दुकानं झाली, आणि खेड्याखेड्यांत ट्यूबवेल खोदायच्या गाड्या फिरू लागल्या. ज्याच्या घरात पहिल्यांदाच दोन पिकं आली, त्याला नको कुठल्या तोंडानं म्हणायचं? ताईही म्हणाल्या नाहीत. पण पाणी खाली चाललं. आधी विहिरी आटल्या. मग तो बिनपाण्याचा हरभरा फुलावर यायच्या आत पिवळा पडू लागला. होळीपर्यंत टिकणारी तलाई संक्रांतीलाच चिखल झाली. सारस एका थंडीत आलेच नाहीत.

आमच्याकडे उन्हाळ्यात, अखातीजेच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला, विहिरीत उतरून झिरींची तोंडं साफ करतात. झिरी म्हणजे खडकातून जिथून पाणी पाझरतं ती फट. गाळानं ती बुजते. कुदळीनं मोकळी केली की पाणी पुन्हा येतं. ताईंनी हेच मनात घेतलं. "तलाईची झिरी बुजलीय गं. वरची काळी माती काढून टाकू. खाली मुरूम लागला की पाणी आपोआप येईल." मला वाटलं, बरोबरच असणार. यांना नाही कळणार तर कुणाला?

सुट्टीत कॉलेजचं शिबिर तिथेच लावलं. मुलं खणत होती, बाबूलाल सगळ्यांच्या पुढे. गावकरी खूश, कारण निघालेली काळी माती ट्रॉल्या भरभरून त्यांच्या शेतांत चालली होती. ताई डोक्याला ओला टॉवेल बांधून फिरायच्या. पिवळा मुरूम दिसला तेव्हा तर त्यांनी टाळी वाजवली. "बस, हेच ते दार!" गावानं नारळ फोडला. ताईंना इतकं आनंदात मी ना आधी पाहिलं ना नंतर.

पाऊस चांगला झाला. तलाई काठोकाठ भरली, बाबूलालनं वेली लावल्या. आणि पाऊस थांबल्यावर पाणी उतरू लागलं. दिवाळी यायच्या आत तळाचा मुरूम कोरडा ठाक, त्यावर वेली दोरखंडासारख्या पडलेल्या. मला काहीच उमजेना. ताईंना उमजलं होतं. पांढऱ्या चेहऱ्यानं म्हणाल्या, "खालचं पाणी वर होतं तेव्हा मुरुमातून ते आत यायचं. आता ते पार तळाला गेलंय, त्यामुळे इथलंच खाली गळतंय. ती काळी माती होती म्हणून पावसाचं तरी थोडं थांबत होतं. तीच मी काढली, नलू. मी शिकवते ना हे? तीच मी काढली."

मग सुरू झाली ती वणवण. बाबूलालला घेऊन ताई शेतोशेती फिरल्या, माती परत मागत. "भैया, वो काली मिट्टी वापस दे दो." कुणी हसलं नाही, उद्धटपणे बोललं नाही. एवढंच म्हणाले, "मैडम, अब तो उसमें गेहूँ बो दिया." दोनचार ट्रॉल्या मिळाल्या. त्यानं काय होणार? पुढच्या पावसाळ्यात तीही माती भेगांत वाहून गेली. ताईंनी मुलांना नेणं बंद केलं. बाबूलाल फ्रीगंजात गाडी लावून दुसरीकडचे शिंगाडे विकू लागला. ताई त्याच्याकडून रोज घ्यायच्या, न लागणारेसुद्धा. त्यानं त्यांना कधी बोल लावला नाही. "एकदा भांड म्हणावं माझ्याशी," ताई म्हणायच्या, "तर मला बरं वाटेल."

रिटायर झाल्यावर त्या लवकरच अंथरुणाला खिळल्या. शेवटच्या थंडीत मी जवळ असताना बाबूलाल आला, गमछ्यात शिंगाडे बांधून. ताईंनी विचारलं, "कहाँ के हैं?"

तो त्यांच्या पायांशी बसला. "अपनी तलाई के, दीदी. इस बार पानी रुक गया. सारस भी आए हैं."

"अच्छा?" ताई म्हणाल्या. मी एक सोलून दिला. त्यांनी तो सावकाश खाल्ला, मीठा है म्हणाल्या, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो डोळे पुसत निघून गेला.

मला वाटलं, चला, एवढं तरी समाधान घेऊन जातील. मी पांघरूण सारखं करत होते, तेवढ्यात ताई भिंतीकडे तोंड वळवून म्हणाल्या, "हा माणूस जन्मात खोटं बोलला नव्हता गं."