कॅमेरा जागा करणारी ओळ

दिव्यानी चंद्रपुरातल्या आमच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. मी तिथे हिशेब पाहतो. आमची टेबलं शेजारी होती, म्हणून तिचं काम मला थोडंफार कळायचं.

तिचं गाव आलापल्लीच्या पुढे, जंगलाला लागून. पहाटे मोहफुलं वेचायला निघालेली माणसं तिथे वाटेच्या तोंडाशी थांबून हाक देतात. पुढे गेलेल्याची उलट हाक आली, तरच पाऊल टाकायचं. दिव्यानीने त्या वाटेवर कॅमेऱ्याचा डबा बसवला. वाघ दिसला की मोबाईलवर लाल निरोप, नाहीतर हिरवा. तिचे वडील मुखरूभाऊ गावभर सांगत, "माही पोरगी वाघाले इचारून सांगते!"

प्रोग्रॅममध्ये ती 'असर्ट'च्या ओळी घालायची. म्हणजे, इथे अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे, नसेल तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो. चाचणीपुरत्या या ओळी असतात. काम गावात लावताना एक खटका फिरवला की त्या सगळ्या एकदम गळून पडतात.

चाचणीत डबा वरचेवर थांबायचा. मिथुन तिचा कामातला सोबती, चेष्टेखोर. म्हणाला, "तुह्या डब्ब्याले झपकी येते का वं? काढ ते असर्ट, गाववाले हासून राह्यले."

तिने खटका फिरवला. डबा थांबेना. रोज पहाटे हिरवा निरोप येऊ लागला. सगळे खूश झाले.

मोहाच्या हंगामात मुखरूभाऊंना वाघाने नेलं. त्या पहाटेही निरोप हिरवाच होता.

वडिलांचे दिवसकार्य झाल्यावर तिने डबा उघडला. आत एकच चित्र होतं, खटका फिरवण्याआधीची रिकामी वाट; तेच पाहून डबा रोज हिरवा निरोप धाडत होता. मग तिला ती ओळ सापडली. कॅमेरा जागा कर आणि जागा झाला की नाही ते बघ, ही दोन्ही कामं तिने एकाच असर्टमध्ये लिहिली होती. खटका फिरल्यावर बघणं गेलं आणि जागं करणंही गेलं. आमच्या हिशेबात तपासणीची खूण पुसली तरी रक्कम जागेवर राहते. इथे रक्कमच पुसली गेली होती.

"धनराजभाऊ, मायले सांगा लागते," ती म्हणाली. "तुम्ही संगं चाला."

मी गेलो. तिची आई भागीरथाबाई अंगणात मोहफुलं पसरत होत्या. दिव्यानी बोलण्याआधी त्याच म्हणाल्या, "तुहा बाप हाक देत नव्हता आता. मी म्हणो, हाक देऊन जा. तर म्हणे, पोरीनं पाह्यलं हाये, मी कायले बोंबलू?"

दिव्यानी त्यांच्यासमोर बसली. तरी तिने सगळं सांगितलं. असर्ट, खटका, ओळ. माझी चूक, असं दोनदा म्हणाली.

भागीरथाबाईंचा हात फुलांवर तसाच राहिला. "मले त्यातलं काई समजत नाई," त्या म्हणाल्या. "एवढं सांग, तो कॅमेरा पाहतच नव्हता?"

"नाई, माय."

"एक दिवसबी नाई?"

"नाई."

त्यांनी कनवटीचा मोबाईल काढून लेकीच्या पुढ्यात ठेवला आणि आत गेल्या. जेवायला हाक मारली ती मला एकट्याला.

दिव्यानीने ती ओळ दोन ओळींत फोडून लिहिली. डबा आता दुसऱ्या गावांतही लागला आहे आणि नीट पाहतो. तिच्या गावाने मात्र तो काढून परत दिला. आईला सांगितलं त्या रात्री मी तिथेच मुक्कामाला होतो; पहाटे भागीरथाबाई टोपली घेऊन निघाल्या. वाटेच्या तोंडाशी थांबून त्यांनी हाक दिली. पुढून बायकांचं उत्तर आलं, तशा त्या गेल्या.

दारात उभी असलेली दिव्यानीही हलक्या आवाजात हाक देत होती. तिच्या हाकेला कोणी उत्तर दिलं नाही.