उमैमाची चौकशी

आमच्या अस्लमचाचांना मुलींबद्दल खरं बोलता येत नाही. वाईट मनाने नव्हे. उलट मन इतकं चांगलं, की समोरच्याने डोकं आपटून घ्यावं. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. निम्म्या जगाची बंदरं बघून मांडवीला परत आले आणि मोहल्ल्यातल्या जमातीचे, म्हणजे आमच्या समाजमंडळाचे, सेक्रेटरी झाले. तेव्हापासून इथल्या कुठल्याही मुलीचं स्थळ निघालं की मुलाकडचे आधी चाचांना फोन करतात. आमच्यात रीतच आहे ती. मुलगी बघायला येण्याआधी तिच्या जमातीत चौकशी करायची. घर कसं, माणसं कशी, मुलीचा स्वभाव कसा. चिपळूण, खेड, दापोली, अगदी कुवेतहूनही फोन येतात आणि चाचा पंख्याखालच्या खुर्चीत बसून सगळ्यांना एकच उत्तर देतात. पोरगी गरीब स्वभावाची. आवाज चढत नाही. मोठ्यांसमोर तोंड उघडत नाही. हाताला चव आहे. शिकलेली असली तर वर एक जास्तीचं वाक्य, "शिकलीय, पण तसा वाटायचा नाय."

माझ्या लग्नाच्या वेळी माझ्याबद्दलही हेच सांगितलं. मी तेव्हा बी.एड. करत होते आणि माझा आवाज शेवटच्या बाकावर झोपलेल्यालाही उठवायचा. लग्नानंतर महिन्याभरात माझ्या नवऱ्याने, नबीलने, मला अगदी गंभीरपणे विचारलं, "महरीन, चाचांनी चौकशी तुझीच दिली होती ना?" आता तो कुवेतला असतो. घर मात्र आम्ही मांडवीत, चाचांच्या शेजारीच बांधलं. त्याचा मला रोज पश्चात्ताप होतो, आणि चाचा दोन दिवस दिसले नाहीत तर करमतही नाही.

तर आमची मुलगी उमैमा. ही पोर बोलायला लागली तीच मुळी "का?" म्हणत. रिक्षावाल्याशी वाद, मदरशातल्या उस्तादांशी वाद. ईदचा चंद्र दिसला की नाही यावरून एकदा जमातीच्या अख्ख्या कमिटीशी वाद. तिला वकील व्हायचं होतं, तेही कुठल्याही कॉलेजातून नाही. दक्षिणेत एका धार्मिक ट्रस्टचं विद्यापीठ आहे, तिथे शरियत आणि देशाचा कायदा दोन्ही एकत्र शिकवतात. जागा मूठभर आणि अर्ज देशभरातून. आमच्या बाईसाहेबांनी दुसरीकडे अर्जच केला नाही. मी सांगून थकले. ही जागा हुकली तर वर्ष फुकट, आणि मुलगी वर्षभर घरी बसली की खेड-चिपळूणचे फोन सुरू होणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

लेखी परीक्षा झाली, मुलाखतही झाली. शेवटची पायरी म्हणजे मुलीच्या जमातीतल्या एका जबाबदार माणसाला विद्यापीठातून फोन. त्यांना नुसती हुशारी नको असते, माणूस कसा आहे तेही बघायचं असतं. सेक्रेटरी चाचा, तेव्हा नाव त्यांचंच द्यावं लागलं. मी सांगायला गेले तेव्हा ते दारात सुरमईचे कल्ले उघडून बघत होते.

"चाचा, उमैमासाठी युनिव्हर्सिटीतून फोन येईल. नीट बोला हां."

"अगो, मना काय शिकवतंस? माझ्या चौकशीवर आजपर्यंत एक स्थळ मोडला नाय."

तिथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. नववीच्या पोरांना एकच गोष्ट चारदा समजावणारी मी, पण चाचांना एकदाच सांगून घरी आले.

पुढच्या शुक्रवारी जुम्याची नमाज आटोपून चाचा मिठाईचा खोका घेऊन आमच्याकडे आले. मागून हफीजाचाची. चाचांचा चेहरा असा फुललेला, की मला वाटलं काम झालं.

"फोन आयला होता. प्रोफेसर. बोलणं काय त्याचा, साखर! आवाजावरनंच खानदानी."

"काय विचारलं त्यांनी?"

"इचारलान, मुलगी स्वतःचा मत मांडते काय. मी बोललो, तोबा! तिला मतच नाय."

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मग इचारलान, चारचौघांत पुढे होऊन काय करते काय. मी बोललो, आमची पोरगी सगळ्यांच्या मागनं चालते."

"चाचा..."

"ऐक तर! मग इचारलान, शिक्षणाची ओढ किती. तिथं मी बाजी मारली. बोललो, तिचा काय हट्ट नाय. तुम्ही शिक म्हणाल तर शिकेल, बस म्हणाल तर घरी बसेल."

"अहो चाचा, तो प्रवेशासाठीचा फोन होता! कॉलेजच्या प्रवेशासाठी!"

"असेल. पण गुण बघायला त्यांच्याकडं पेपर हाय. स्वभाव कोण इचारतो? स्वभाव मुलाकडचेच इचारतात. त्याच्या घरी लग्नाचा मुलगा असणार, तू बघ. मी काय काल जन्मलो?"

उमैमा दारात उभी राहून ऐकत होती. एरवी एव्हाना तिने चाचांना धारेवर धरलं असतं. या वेळी ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मला संताप आला होता, पण त्या दाराची भीती वाटली.

मी विद्यापीठाच्या ऑफिसला फोन लावला. तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, आईवडिलांचं म्हणणं आम्ही धरत नाही, सगळेच आईवडील कौतुक करतात. ज्यांनी माहिती दिली त्यांनी स्वतः सरांना फोन केला तर सर ऐकतील. सोमवारी यादी पक्की होणार.

मी चाचांकडे धावले. चाचा ढिम्म.

"मी माझ्या तोंडानं सांगू, पोरगी भांडखोर हाय म्हणून?"

"भांडखोर नाही, चाचा. मुद्देसूद बोलते असं सांगा."

"तेच ते. अगो, बोललेला शब्द फोनात रहात नाय. आज तिथं, उद्या चिपळूण, परवा कुवेत. या तोंडातनं आजवर एका पोरीबद्दल वाईट शब्द गेलेला नाय. आणि पहिला शब्द जायचा तो आपल्याच उमैमाचा?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आता अशा माणसाचं काय करायचं? दुष्ट माणसाशी भांडता येतं. हे उमैमाला वाचवायला म्हणून तिच्या वाटेत आडवे पडलेले. आणि बाहेर लोक काय बोलतात याबद्दल ते चुकीचं सांगत होते, असंही मला छातीठोकपणे म्हणता येईना. मी हात टेकले आणि तिथेच खाली बसले.

तेवढ्यात उमैमा आली. डोळे सुजलेले, पण ओढणी नीट घेतलेली. चाचांना ती नाना म्हणते. त्यांच्यासमोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "नाना, जहाजावर नवा खलाशी घेताना तुम्ही काय बघायचात?"

चाचांना जहाजाचं काही विचारलं की ते सगळं विसरतात. "काय बघणार? दर्या लागून ओकतो काय, दोर ओढता येतो काय, हाकेला ओ देतो काय."

"गप्प बसणारा चालायचा?"

"गप्प बसणारा कशाला? समोर खडक दिसला तर बोंबलायला नको?"

"कप्तान चुकत असला तरी?"

"तेव्हा तर जास्त!"

"मग नाना, त्यांनाही बोंबलणारीच हवी आहे. तुम्ही त्यांना सांगितलंत, ही खडक दिसला तरी गप्प बसेल."

चाचांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. शेवटी हफीजाचाची स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि फोन त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"लावा. लग्न झाल्यापासनं सगळ्यांना सांगत फिरता, आमची हफीजा गप्प असते. हाय काय मी गप्प?"

चाचांनी स्पीकर सुरू करून फोन लावला. जहाजावरच्या त्यांच्या हिंदीत ते बोलले, मी आपल्या भाषेत सांगते.

"जनाब, त्या दिवशी मी तुमची फसगत केली. पोरगी वाद घालते. माझ्याशी घालते, उस्तादांशी घालते, कमिटीशी घालते. आणि बहुतेक वेळा बरोबर तीच निघते, ह्याचा जास्त त्रास होतो."

पलीकडे हसण्याचा आवाज आला. "मग तेव्हा असं का सांगितलंत?"

"मला वाटलं तुम्ही सून करून नेताय. वकील करून नेणार असाल तर अशी दुसरी मिळायची नाही."

प्रोफेसरसाहेबांचा आवाज मग गंभीर झाला. ते म्हणाले, आमच्याकडे जागा थोड्या. मुली येतात, दोन वर्षांत लग्न ठरतं, शिक्षण सोडून जातात. दुसऱ्या कुणाची जागा वाया जाते. ही पूर्ण शिकेल, याचा शब्द कोण देणार?

चाचांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग उमैमाकडे. खुर्चीत सरळ होऊन बसले.

"मी देतो. तिचं शिक्षण संपेपर्यंत ह्या फोनवर ह्या पोरीची चौकशी कुणालाही मिळणार नाही."

उमैमाला प्रवेश मिळाला. ती जाऊन आता सहा महिने होतील. घरात इतकी शांतता, की फ्रीज सुरू झालेला ऐकू येतो.

परवा मी चाचांकडे घावने द्यायला गेले, तर त्यांचा फोन वाजला. खेडहून होता. उमैमाचं नाव मला स्पष्ट ऐकू आलं. चाचा म्हणाले, "राँग नंबर," आणि फोन ठेवून दिला. नंतर मला दुसरीकडून कळलं, घर चांगलं, मुलगा दोह्याला इंजिनिअर, शिकलेलीच मुलगी हवी म्हणतात. माझं डोकंच फिरलं. तशीच शेजारी गेले.

"चाचा, अहो, थांबायला तयार आहेत का, एवढं तरी विचारायचंत!"

"शब्द दिलाय," म्हणाले आणि पंख्याखाली डोळे मिटून बसले.

मी अर्धा तास डोकं फोडलं. काही उपयोग झाला नाही. चाचांना वादात हरवणारी आमच्यात एकच होती, आणि ती आता इथे नाही.