चुकलेली पेनल्टी आणि माझी मिशी

लॉकडाउनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या आमच्या गल्लीत एक रिवाज पडला. संध्याकाळी ज्याने त्याने आपल्या ड्राइव्हवेवर खुर्ची टाकायची आणि लांबूनच गप्पा मारायच्या. म्हणजे मला आयता रंगमंचच! पहिला आठवडा मी असा गाजवला की शेजारीण हसताना चहा सांडायची.

आणि मग समोरचा सर्ब म्हातारा बाहेर आला.

एके काळचा फुटबॉलपटू. एका सीझनच्या करारावर इथल्या क्लबकडून खेळायला आला, तिकडे मायदेशात सर्ब आणि क्रोएट लोकांचं युद्ध पेटलं आणि हा इथेच राहिला. आठवडाभर पोलाद कारखान्यात शिफ्ट, रविवारी मॅच. त्याची गोष्ट एकच. युद्ध ऐन भरात, समोर इथल्याच क्रोएट लोकांचा क्लब, मैदानाच्या कडेला दोन्हीकडचे एकमेकांना शिव्या घालतायत. शेवटच्या मिनिटाला याला पेनल्टी मिळते आणि गोलमध्ये उभा कोण? याच्याच गावचा, लहानपणी याच्याच टीममध्ये खेळलेला दोस्त. आणि ती पेनल्टी चुकते.

"मग? पुढे?" माझी बायको विचारते. माझी बायको! माझ्या गोष्टीला तिने 'पुढे?' म्हटल्याला युगं लोटली होती. खुर्ची तर तिने पार फुटपाथपर्यंत सरकवली होती. माझा जळून कोळसा झाला.

पण जळणारा माणूस कान देऊन ऐकतो. सोमवारच्या गोष्टीत म्हाताऱ्याचा पाय घसरला होता. बुधवारी बॉल पोस्टला लागला. शुक्रवारी त्याने तो म्हणे मुद्दाम गोलच्या वरून मारला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

"थापा मारतो तो," घरात शिरताच मी जाहीर केलं.

"माहितीय मला," ती मास्क धुवायला टाकत म्हणाली. "मला पोस्टवाली आवडते. तुझी मिशी मात्र लग्नापासून एकाच जागी पडतेय."

कॉलेजच्या नाटकात राजा मरत असताना माझी, म्हणजे प्रधानाची, मिशी सुटून त्याच्या छातीवर पडली, ही माझी हुकमी गोष्ट. दुसऱ्या दिवशी मी तीच नव्या थाटात सुरू केली. सिंहासन कडाडकन मोडलं, मिशी उडाली ती थेट परीक्षकांच्या मांडीवर...

"एक मिनिट," बायको सगळ्यांदेखत म्हणाली. "सिंहासन कसलं? कॅंटीनची खुर्ची होती ती. मी तिसऱ्या रांगेत होते."

सगळी गल्ली हसली, पण मला.

म्हातारा मात्र हसला नाही. "ती तिथे होती?" त्याने मला विचारलं. "नशीबवान आहेस, मेट. माझ्या त्या मॅचला माझीही बायको होती. ती गेली. गोलकीपरही गेला. आता मी काहीही ठोकून दिलं तरी कोणी अडवत नाही."

असं म्हणून त्याने माझ्या बायकोकडे, मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी लगेच ओळखली. रोज संध्याकाळी मी तशाच नजरेने त्याच्याकडे बघत होतो. म्हातारा माझ्यावर जळत होता!

वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण मी खुर्चीत ताठ बसलो, घसा खाकरला आणि म्हणालो, "तर काय, इतक्यात राजाचा घोडा स्टेजवर आला..."

"घोडा?" बायको खुर्चीवरून उठलीच.