मास्तरांच्या पायाचं माप

चादर निम्मी पिळून झाली होती आणि निम्मी अजून बादलीत होती, तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडलं. मास्तर भिंतीला धरून बाहेर आले, स्टुलाला धरून थांबले, कपाटाला धरून वळले आणि पलंगावर जाऊन बसले. मास्तरीणबाईंनी चादर तशीच बादलीत सोडली, कमरेला खोचलेला खडू काढला आणि फरशीवर उमटलेल्या ओल्या पावलांभोवती रेघ मारायला बसल्या. घाई करणं भाग होतं. पंखा चालू होता आणि उजव्या पावलाची टाच वाळत चालली होती.

"काय चाललंय?" मास्तरांनी पलंगावरून विचारलं.

"फरशी पुसतेय."

"खडूने?"

"डाग होता."

मास्तरांनी पाय पलंगावर घेतले. ज्याने चाळीस वर्षं खडू हातात धरला, त्याला डाग कोणता आणि माप कोणतं हे कळत नव्हतं असं नाही. पण विचारलं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. बाजारातल्या मोठ्या शिलाईच्या दुकानात ते कापड बेतायचे. माणूस दिसला की आधी त्यांना खांदा दिसायचा, मग चेहरा. पहिल्या भेटीत बाईंकडे बराच वेळ पाहून ते एवढंच म्हणाले होते, "मुंढा चुकलाय, बाही ओढतेय." ब्लाउज बाईंनी स्वतः शिवला होता. तरीही लग्न झालं. देवाची योजना असते म्हणतात ती अशी.

बाईंचं सगळंच उलटं. घरातलं शिवण, विणकाम, टोप्या, मोजे, चहाच्या किटलीचं पांघरूण, देवासमोरचं बसकर, सगळं त्यांच्या हातचं. पण टेप त्यांनी कधी लावली नाही. माणसाला एकदा नीट बघायचं, देवाचं नाव घ्यायचं आणि टाके घालायला लागायचं. लेकीला पहिलीत विणलेला स्वेटर चौथीत छान बसला. तो चौथीसाठीच होता, असं बाई सांगत. जावयासाठी विणलेल्या करड्या स्वेटरात जावई आणि त्याचा भाऊ असे दोघे एकदम मावले असते. जावई भला माणूस. "आईंच्या हातची वस्तू आईंकडेच शोभते," म्हणून त्याने तो घडी करून परत कपाटात ठेवला.

मास्तरांनी मात्र बायकोच्या हातचं अंगावर कधी घातलंच नाही. "ताणलं की वाढतं, धुतलं की आटतं, त्याला कपडा म्हणत नाहीत," हे त्यांचं मत लग्नाच्या पहिल्या वर्षी झालं आणि मग बदललं नाही. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

गेल्या वर्षी ते दुकान सोडून घरी बसले आणि या वर्षी घरातच घसरून पडले. उजव्या पायाचं हाड मोडलं, प्लास्टर झालं, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, पाय बरा झाला, आता चाला. पायाला ते पटलं, मास्तरांना पटलं नाही. गुळगुळीत फरशीवर चपला सरकतात म्हणून त्यांनी चपला सोडल्या आणि अनवाणी पाय गार पडतात म्हणून चालणं सोडलं. न्हाणीघरापर्यंत जायचे ते घरातल्या एकूण एक वस्तूला हात लावून, जणू सामान मोजताहेत.

लेक मुख्याध्यापिका होती. मंगळवारी तिचा फोन आला.

"आई, रविवारी चार वाजता येतेय. बाबा पलंगापासून बाहेरच्या दारापर्यंत कशालाही न धरता चालले तर ठीक. नाही चालले तर दोघांनाही माझ्याकडे घेऊन जाणार. खोली तयार आहे. काय म्हणाले मी?"

"दारापर्यंत," बाई म्हणाल्या.

"कशालाही?"

"न धरता."

लेकीचं घर चांगलं होतं. हवेशीर खोली होती, लिफ्ट होती, लेकीचा जीवही होता आईबापांवर. पण मागच्या खेपेला बाई आठ दिवस राहिल्या, तेव्हा त्यांना देवासमोरचा दिवा लावण्यापलीकडे काही काम मिळालं नाही. भांड्याला हात लावला की कोणीतरी ते हातातून काढून घ्यायचं. नवव्या दिवशी आपल्या घरी येऊन त्यांनी आधी सगळा ओटा घासला आणि मग पाणी प्यायलं. उरलेलं आयुष्य पाहुण्यासारखं बसून काढणं त्यांना जमणारं नव्हतं. हे मास्तरांना सांगण्यात अर्थ नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून बुधवारी सकाळी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माप घेतलं. फरशीवरच्या रेघा वर्तमानपत्रावर उतरवल्या, पावलं कापून घेतली आणि जावयाचा करडा स्वेटर उसवायला घेतला.

बूट करायचे होते लोकरीचे, पण नुसते विणलेले नव्हेत. लोकरीचं विणकाम कढत पाण्यात साबण लावून चोळलं की आटतं, दाट होतं, नमद्यासारखं जाडजूड बनतं. त्यासाठी आधी दीडपट मोठं विणावं लागतं. किती चोळायचं याचा बाईंचा हिशेब जपाचा होता. एका माळेत बोटभर आटतं, तीन माळांत हवं तेवढं. शुक्रवारी त्यांनी परातीत कढत पाणी घेतलं, तोंडाने नाम आणि हाताने बूट असं चालवलं. हात लालबुंद झाले. पुण्य किती लागलं ते त्यालाच ठाऊक, पण बूट कागदाच्या पावलांवर रेघेला रेघ बसले. तळाला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे शिवले, म्हणजे फरशीवर सरकायला नकोत. मग बूट खिडकीत वाळत घातले. ते वाळले रविवारी, तीन वाजता.

बाईंनी ते मास्तरांसमोर ठेवले.

"हे काय?"

"बूट. लेक येतेय चारला. घाला."

मास्तरांनी बुटांकडे असं पाहिलं, जसं उधार मागायला आलेल्या माणसाकडे पाहतात. पण लेक काय म्हणाली होती ते त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी डावा पाय घातला. गेला, जरा कुरकुरत. उजवा घातला. बोटं गेली, चवडा गेला, आणि पुढे पाऊल जाईना. बाईंनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं.

"सोड. पाय पुन्हा मोडशील," मास्तर म्हणाले. "माप कधी घेतलंस?"

"बुधवारी."

"बुधवारी सकाळी. आंघोळ झाल्यावर. तो डाग."

बाईंनी बूट ओढून काढला.

"सकाळी पाय उतरलेला असतो. दुपारनंतर सुजतो. त्यात हा मोडका. चपलांच्या दुकानात झाडू मारणारालाही माहीत असतं हे."

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. घड्याळात सव्वातीन झाले होते. जन्मभर अंदाजाने विणलं तेव्हा फार तर सैल झालं. एकदा मापाने केलं तर पायच आत जाईना. देवाने माणसाला दोन पाय दिले खरे, पण दोन्ही सारखे ठेवायची जबाबदारी घेतली नाही.

"असू दे," त्या म्हणाल्या. "पिशव्या भरायला घेते."

मास्तर बूट हातात धरून बसले होते. आतून पाहिला, बाहेरून पाहिला, नखाने कड ओढून पाहिली. मग म्हणाले, "कातर आण."

"कशाला?"

"आण तर."

बाईंनी कातर आणून दिली. मास्तरांनी बुटाची वरची कड जरा कापली आणि धागा सुटायची वाट पाहिली. सुटला नाही. आणखी बोटभर कापली. कड सरळ राहिली, चांगल्या बनातीच्या कापडासारखी.

"सुटत नाही हे," ते म्हणाले.

"आटवलेली लोकर सुटत नाही. किती वर्षं सांगतेय."

"मला कोणी सांगितलं नव्हतं."

मास्तरांनी खडू मागितला, सुई मागितली. बुटाच्या वरच्या बाजूने चवड्यापर्यंत सरळ चीर दिली. "तुकडा आहे का असला?" बाईंनी एक आटलेली टोपी आणून दिली, जी कोणाच्याच डोक्यात गेली नव्हती. मास्तरांनी तिच्यातून शंकरपाळ्यासारखी कळी कापली, चिरेत बसवली आणि कच्च्या धावदोऱ्याने जोडली. वीस मिनिटं सुई चालली. गेल्या वर्षभरात त्यांची पाठ एवढी ताठ दिसली नव्हती.

उजवा पाय आत गेला.

"बघू," म्हणून त्यांनी मान वर केली. "आरसा?"

दुकानातला जुना उभा आरसा घरी आणला होता, पण आतल्या खोलीत मावेना, म्हणून बाहेरच्या दाराशेजारी भिंतीला टेकवलेला होता.

"हातातला देऊ का?" बाईंनी विचारलं.

"हातातल्या आरशात पाय बघतात का कोणी? ट्रायल उभ्या आरशात होते."

आणि मास्तर उठले. एका हातात कातर, दुसऱ्यात दोरा ओवलेली सुई. चाळीस वर्षं ट्रायलच्या वेळी ते असेच उभे राहत. कपाट आलं, त्याला धरायला हात मोकळा नव्हता. स्टूल आलं, तेही गेलं. बाई मागे चालत होत्या, दोन हात पुढे करून, पण न लावता. तोंडात नाम होतं ते अर्धवट राहिलं.

दार उघडून लेक आत आली तेव्हा चाराला दहा कमी होते. ती सगळीकडेच दहा मिनिटं आधी जाते.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही चालताय."

"बाजूला हो. उजेड अडवतेस."

लेक बाजूला झाली. मास्तरांनी आरशात उजवा पाय पाहिला, वळून टाच पाहिली, दोन पावलं मागे जाऊन पुन्हा पुढे आले. लेकीने आरशापासून दारापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं.

"मी दारापर्यंत म्हटलं होतं. अजून दोन पावलं आहेत."

"दारात तू होतीस."

मास्तर ती दोन पावलं गेले. शेजारच्या खिडकीतून खाली रस्त्यावर जावई गाडीतून रिकामी खोकी काढताना दिसला.

"ती कशाला?"

"तुमच्या सामानासाठी," लेक म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता.

"त्याला म्हणावं, परत ठेव. डाव्यालाही कळी घालायची आहे. काम अर्धवट टाकून मी कुठे जात नाही."

लेकीने आईकडे पाहिलं. आई फरशीकडे पाहत होती.

"पुढच्या महिन्यात येऊन पुन्हा बघेन," लेक म्हणाली आणि खिडकीशी जाऊन खाली नवऱ्याला हाताने नको नको अशी खूण केली. जावयाने एक खोकं आत ठेवलं, दुसरं बाहेर काढलं आणि मग विचारात पडून वर बघत उभा राहिला.

मास्तर पुन्हा आरशात पाहत होते. "टाच उठतेय," ते म्हणाले. "वर बंद द्यावा लागेल. अगं, घरात प्रेस-बटणं आहेत का?"

"नाहीत."

"मग चार आण. मोठी. आणि करडा दोरा, दुपदरी. काळा आणू नकोस, दिसेल."

कोपऱ्यावरचं दुकान रविवारी पाचला बंद व्हायचं. मास्तरीणबाईंनी खुंटीवरची पिशवी घेतली आणि प्रेस-बटणं आणायला जिना उतरल्या.